एकदा की दोनदा?

किस्से मुतखड्यासारखेच. आत साचत राह्यतात, पत्ता लागत न्हाई. मंग एक दिवस अशी कळ येते की बाहेर काढल्याशिवाय जमत न्हाई.

मी कॉलेज सोडून जालन्यातल्या एका दवाखान्यात फायली सांभाळतो. आमच्या मॅडम मुतखड्याची ऑपरेशनं करतात, जास्त करून लहान पोरांची. आधी सीटी स्कॅन बघायचा: खडा केवढा, किती, कुठं अडकला. मंग डायरीत एकच शब्द लिहून सही! 'एकदा' म्हणजे एका ऑपरेशनात सगळा निघंल. 'दोनदा' म्हणजे पोराला पुन्हा टेबलावर घ्यावं लागंल. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी एक्स-रे आला की डायरी सगळ्यांसमोर उघडायची.

*

तीर्थपुरीचा एक बाप अडून बसला. "गॅरंटी द्या. पाण्याच्या मोटारीला बी मिळती!"

मॅडम म्हणाल्या, "मोटार बिघडली तर बदलून देतात. पोरगा बदलून देऊ?"

*

शहागडचे एक आजोबा. नातू पाच वर्षांचा. "चिरफाड कशाला? बियर पाजा, खडा धुऊन जातो!"

मॅडमनी विचारलं, "तुम्ही किती वर्षं घेता?"

"वीस!" छाती काढून.

"मंग मागच्या महिन्यात मी तुमच्या पोटातून काय काढलं?"

*

मोठ्या शहरातले एक सीनियर डॉक्टर पाहुणे आल्ते. डायरी बघून हसले. "लिहायचं काय त्यात? मला फिल्म बघूनच कळतं."

मॅडमनी एका पोराची फिल्म दाखवून पेन पुढं केला. साहेबांनी 'एकदा' लिहिलं, झोकात सही ठोकली. दुसऱ्या दिवशी एक्स-रेत तुकडा!

"मी दोनदाच म्हणालो होतो," साहेब म्हणाले.

मॅडमनी गुपचूप डायरी सरकवली. साहेब चष्मा शोधायला लागले. तो नाकावरच होता!

*

मॅडम स्वतः चुकल्या की त्या शब्दाला लाल गोल करतात. मी विचारलं, "लालच कशाला?"

"पुढच्या पोराच्या वेळी मला टोचलं पाहिजे."

माझा बाप म्हणाला होता, "सायन्स घे, शंभर टक्के डॉक्टर होशील." मी कॉलेज सोडलं, तरी अजून म्हणतो, "चूक तुझीच." आमच्या घरात लाल पेनच न्हाई!

*

धावड्याची आरोही, आठ वर्षांची. खडा मोठा, फांद्या फुटलेला. मॅडमनी 'दोनदा' लिहिलं अन् तसं घरच्यांना सांगितलं.

तिचे आबा भडकले. "दोनदा? बिलकुल न्हाई! चल गं घरी, झाडपाला देतो!" पिशवी उचलून निघालेच. आई रडायला लागली.

आरोही जागची हलली न्हाई. म्हणाली, "मॅडम, मी लिहू?" मॅडमच्या शब्दाखाली तिनं वाकड्या अक्षरात 'एकदा' लिहिलं.

"सही कर," मॅडम म्हणाल्या. "बराबर निघालं तर श्रेय तुझं."

पोरीनं सही केली. आबांनी पिशवी खाली ठेवली.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी एक्स-रे आला. साफ! कण बी न्हाई! मॅडम हसत हसत स्वतःच्या शब्दाला लाल गोल करून राह्यल्या होत्या, तेवढ्यात आबा गरजले, "मी म्हणलंच व्हतं, एकदाच लागंल!"

आरोहीनं डायरी ओढून घेतली, नीट बघितली.

"आबा, तुमची सही कुठंय?"