खालून वर मिटणारा डोळा

कोंबडीचा डोळा खालून वर मिटतो. चार दिवस आमच्या आजारी तांबडीला मांडीवर घेऊन मी तिच्या चोचीत हळदीचं पाणी थेंब थेंब सोडत होतो आणि तो उलटा मिटणारा डोळा पाहत होतो.

"मेल्या, माका तरी असा भरवलंस काय रे कधी?" आई हसून म्हणाली.

मला हसता आलं नाही. गेल्या वर्षी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा मी गावच्या राखणदार देवाला गुपचूप नवस बोललो होतो, ती उठली तर ही तांबडी तुला. आई उठली. मी मात्र आज देऊ, उद्या देऊ करत राहिलो, कारण तांबडी अंगणभर माझ्या मागे फिरायला लागली होती. मग ती आजारी पडली. आजारी कोंबडी राखणदाराला चालत नाही. मी तिला कशासाठी बरी करतोय, हे मला ठाऊक होतं. ती मात्र निर्धास्तपणे माझ्या तळव्यावर मान टाकायची. आपण ज्याला माया म्हणतो, त्यात भीती किती असते, कोण जाणे.

आज दुपारी ती उभी राहिली, कण्या टिपू लागली. तेवढ्यात आत आईला खोकला आला. गेल्या वर्षीचाच, कोरडा. तांबडीनं टिपणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी तिला उचललं.

"खंय नेतस रे तिका?" आईनं आतून विचारलं.

"उन्हात," मी म्हणालो.

माझ्या कुशीत तांबडीनं डोळा मिटला. खालून वर.