आइसलँडची भावकी

"थांबा की ताई, येतंय."

स्टिअरिंगवरचं एक बोट वर व्हायचं आणि हे वाक्य यायचं. गाडीत आइसलँडच्या कुठल्याशा ग्रुपची सीडी चालू असायची. गाणं म्हणावं तर त्याला ना शेंडा ना बुडखा. एकच लांबलचक सूर आणि त्यामागे यंत्राची बारीक घरघर. मी घड्याळ बघायचे, तो बोट वर धरून बसायचा. मी आशा सोडल्यावर कधीतरी देवळातली लहान घंटा वाजावी तसा एक ठोका पडायचा. "आलं," म्हणून बोट खाली. अरे, एवढ्यासाठी मघापासून?

दोन हजार एकचा हिवाळा होता. मी नागपूरची, अमेरिकेत शिकागोजवळच्या शॉमबर्गला नवीन. ऑफिस नेपरव्हिलला आणि बर्फात गाडी शिकायची छाती नाही. नवऱ्याचं ऑफिस नेमकं उलट्या दिशेला. हा आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा आणि माझ्याच टीममध्ये टेस्टिंग करायचा. मूळचा इचलकरंजीचा. "चला की माझ्याबरोबर, गाडी रिकामीच जातीय," म्हणाला. अडला हरी, दुसरं काय! मी बसले.

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल बघा. सगळ्यांना डेडलाइनची घाई आणि हा आपला मायक्रोवेव्हमधला चहा फिरताना बघत शांत उभा. मी पडले तोंडाळ. सकाळी दार लावल्यापासून माझी टकळी सुरू. तो सगळं ऐकून घ्यायचा, आणि मी अगदी रंगात आले की बोट वर.

बोलायचा तो फक्त भावकीबद्दल. "थोरल्यानं बंदरावरची माशांची बंद फॅक्टरी भाड्यानं घेतली. सगळी तिथंच राहायला गेली." बंदर म्हणजे रत्नागिरीकडची भावकी असणार, असा मी हिशेब केला. मग कळलं की लंबू शिकायला बाहेरगावी गेला तो तिकडचाच झाला. मुका कधीच काही बोलत नाही, नुसतं काम करतो. आणि बाईचं थोरल्याशी पटेना झालंय.

एक दिवस गाडीत बसला तो चेहरा पाडून. "बाईनं घर सोडलं, ताई. आता दोघंच उरली."

मला रात्रभर चैन पडेना. परदेशात बसून घर फुटताना बघायचं म्हणजे काय हाल होत असतील! सकाळी उठून थालीपीठं लावली, डबा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "अरे, असा गप्प बसू नकोस. फोन कर, मध्ये पड, थोरल्याला समजाव."

"मी कसा मध्ये पडू? ती माणसं आइसलँडला असतात."

"आइसलँडला तुझं कोण आहे?"

"कोणच नाही," तो म्हणाला आणि समोरच्या सीडीकडे बोट केलं. "हीच की ती. गाणारी."

अगं बाई! म्हणजे इतके दिवस मी एका बँडसाठी जीव टांगणीला लावून घेतला होता. मी अशी काही चिडले, की टोल नाका येईपर्यंत बोललेच नाही. तो मात्र थालीपीठ खात समजूत घालत होता, "त्यांची नावं म्हणताना जीभ वळत नाही, म्हणून आपली ठेवली. आणि त्यांच्यात आडनाव नसतंच ताई, नुसतं बापाचं नाव लावतात. म्हणजे आपल्यातलीच झाली का नाही?"

"आणि तुझं स्वतःचं कोण आहे रे?" मी रागातच विचारलं.

त्यानं सीडी बंद केली. असं तो कधीच करत नसे.

इचलकरंजीला त्याच्या घरी माग होते. धाकटा भाऊ बाळू आणि हा मागाच्या खटखटीवर ताल धरतच मोठे झाले. पुढे दोघांनी ऑर्केस्ट्रा काढला. हा कीबोर्डवर, बाळू ऑक्टोपॅडवर. एका वर्षी गणपतीच्या सगळ्या दिवसांच्या सुपाऱ्या घेऊन झाल्या आणि याचा व्हिसा आला. हा निघून आला. बाळू कीबोर्डाशिवाय स्टेजवर उभा राहिला. लोकांनी त्याला वाजवूच दिलं नाही. ऑर्केस्ट्रा तिथंच संपला, बाळू परत मागावर गेला.

"आई फोन देते त्याच्या हातात. तो ठेवून देतो," तो म्हणाला. "मला एवढंच बघायचंय, ताई. ह्या बाईला परत घेतात का नाही."

त्यानंतर मी त्या गाण्यांना नावं ठेवायचं सोडलं.

वर्षं गेली. मंदीत टीममधली निम्मी टेबलं रिकामी झाली. मला मुलगी झाली, मी गाडी शिकले, लायसन्स मिळालं. तरी जायचे त्याच्याच गाडीतून. सकाळचा धूसर उजेड, दोन्ही बाजूंना बर्फाखाली झोपलेली शेतं, हीटरची ऊब आणि तो न संपणारा सूर. आपण ऑफिसला निघालोय की कुठून तरी परत येतोय, तेच कळेनासं व्हायचं. हळूहळू त्या घरघरीत मला माग ऐकू यायला लागले. मी कधी माग चालताना पाहिला नव्हता, पण ऐकू यायचे खरे.

ग्रुपची नवी सीडी आली की तो आधी मागचं कव्हर वाचायचा.

"आहे का रे बाईचं नाव?"

"नाही."

मग मलाही दिवसभर काही सुचायचं नाही. बघा, कुठली कोण बाई!

एकदा ते शिकागोला आले. त्यानं आमचीही तिकिटं काढली. बसायला खुर्च्याच नाहीत, सगळे उभे. माझा नवरा पाय बदलत जांभया देत होता. स्टेजवर थोरला आणि मुका, दोघंच, आपापल्या यंत्रांवर वाकलेले. मग तो लांब सूर सुरू झाला. अंधारात शेजारी बघितलं तर याचं बोट वर. मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

आणि कडेनं एक बाई चालत आली. साधं जाकीट, केस पिकायला लागलेले. आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत यावं तशी आली. थोरल्यानं मान वर केली नाही. पंगतीत उशिरा आलेल्याला जागा करून देतात तसा जरासा सरकला फक्त. ती उभी राहिली आणि गायला लागली. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता आणि मी रडत होते. नवरा घाबरून विचारत होता, काय झालं, काय झालं. याच्या डोळ्यात पाणी नव्हतं. बोट खाली घ्यायचं मात्र तो विसरून गेला होता.

बाहेर थंडी मी म्हणत होती. त्यानं खिशातून कॉलिंग कार्ड काढलं, माझ्या नवऱ्याचा सेलफोन घेतला आणि नंबर लावला. इचलकरंजीत सकाळ झाली होती. फोन बाळूनंच उचलला. हा बोलेना, तो बोलेना. फोनमधून नुसती मागांची खटखट येत होती. मी कान जवळ नेला. तीच ती, माझ्या ओळखीची. पण बाळूनं फोन ठेवला नव्हता.

मग पलीकडून एक जाड आवाज आला, "कीबोर्डाचं कव्हर उंदरांनी खाल्लंय." आणि फोन बंद.

"कीबोर्ड ठेवलाय त्यानं, ताई! अजून ठेवलाय!" भर रस्त्यात हा ओरडला.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात तो परत जायला निघाला. ग्रीन कार्ड अगदी तोंडाशी आलेलं. सगळ्यांनी अक्कल शिकवली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, वगैरे. मीही शिकवली. म्हटलं, "थांब की थोडं. येतंय ना कार्ड."

तो हसला. "ते येऊ दे की ताई. तिकडं बाळू थांबलाय."

सगळ्या सीड्या एका बुटांच्या खोक्यात भरून त्यानं माझ्या दारात ठेवल्या. वरचा मजला रिकामा झाला. मी एकटी गाडी चालवत ऑफिसला जायला लागले. बोलायला कोणी नाही म्हटल्यावर मी पहिल्यांदा अख्खी सीडी गप्प बसून ऐकली.

सप्टेंबरातली सकाळ, गणपतीचे दिवस. नेपरव्हिलच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. फोन वाजला, भारतातला नंबर. मी स्पीकरवर टाकला. तिकडे संध्याकाळ, माणसांचा गलका, कोणीतरी माइक टेस्ट करतंय, मग सगळं शांत झालं. कीबोर्डाचा एकच सूर सुरू झाला. लांब, न संपणारा.

"हॅलो? अरे, बोल की! कुठे आहेस? कसा आहेस?"

"थांबा की ताई. येतंय."

मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला. माझं एक बोट स्टिअरिंगवरून वर झालं होतं. मी तसंच धरून ठेवलं.

आणि ऑक्टोपॅडवर बाळूचा पहिला ठोका पडला.