उलटी बसवलेली दारं

हॉटेलात खोली घेताना तुम्ही काय काय विचारता? गरम पाणी, नाश्ता, खिडकीतून काय दिसतं. खोलीचं दार कुठून आणलं, हे कधी विचारलंय?

मीही विचारलं नव्हतं. कापसाच्या त्या वाईट वर्षांत आमच्या जिल्ह्यात पाहणी पथकं येत. असंच तिघांचं एक पथक दिल्लीहून येणार होतं. केळापूरकडच्या एका गावाजवळचं कापूस खरेदी केंद्र बंद पडलं होतं. ते पुन्हा उघडायचं की नाही, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. पाहुण्यांना कुठं उतरवायचं, हे आमच्या शेतकरी संघटनेनं सांगायचं होतं. दोनच जागा होत्या. एक नागपुरातलं चौदा मजली, काचेचं, चकचकीत हॉटेल. दुसरं यवतमाळबाहेर नुकतंच उघडलेलं, सोळा खोल्यांचं, कौलारू.

मी तेव्हा विशीतली, डोकं सतत तापलेलं. माझी अक्षरओळख बाबा संघटनेसाठी काढत त्या पत्रकांवर झाली, आणि गृहपाठ उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. बैठकीत मी म्हटलं, "चौदाव्या मजल्यावरून कापूस दिसत नाही. त्यांनी इथंच झोपावं."

"घ्या, पुढच्या पत्रकाचा मथळा झाला," बाबा हसले. "पण पोरी, ते हॉटेल आतून पाह्यलं का तू?"

नव्हतं पाहिलं. त्याचं माहितीपत्रक वाचलं होतं. 'मातीशी नातं सांगणारी वास्तू', असं त्यात होतं. छापलेल्या कागदावर विश्वास ठेवायचा, हे मी घरातच शिकले होते. मी भांडले आणि जिंकले.

गावातर्फे बोलायला एकच बाई तयार झाली होती. बाकीचे वीटभट्ट्यांवर निघून गेले होते, उरलेल्यांना बोलायची भीती वाटत होती. मी तिला मावशी म्हणायचे. ती स्वतःही गाव सोडून दारव्ह्याला लेकीकडे राहत होती. तिथून मी तिला जीपनं घेऊन आले. तीन वाजता हॉटेलच्या दिवाणखान्यात तिला बोलायचं होतं. पाहुणे जेवून आपापल्या खोल्यांत पडले होते.

बाहेर उन्हानं रस्ता पांढरा झाला होता. आतल्या लांब बोळीत गारवा आणि अंधार. दोन्ही बाजूंना आठ-आठ सागवानी दारं, सगळी बंद. कुठलीच दोन सारख्या उंचीची नव्हती. सोळा गावं भिंती मागं ठेवून इथं येऊन समोरासमोर उभी राहिली आहेत, असं वाटलं. प्रत्येक दारावर वरून एक पिवळा दिवा सोडलेला.

"सगळी ओरिजिनल आहेत, मॅडम," मॅनेजर म्हणाला. "खेड्यापाड्यांतून जमवली. एकही नवीन नाही."

बोळीच्या तोंडाशी मावशीनं चपला काढल्या.

"राहू द्या ना मावशी, इथं चालतं."

"घरात कोनी चपला घालते का व?" ती म्हणाली, आणि आपण असं का म्हणालो याचं तिलाच नवल वाटलेलं दिसलं. मग ती पहिल्या दाराशी थांबली. दुसऱ्या. तिसऱ्या. दारांवर चुलीचा धूर बसला होता, तेलकट हातांचे डाग होते, कॅलेंडरचा खिळा होता. अडसर सरकवायच्या लोखंडी कड्या आमच्याच बाजूला होत्या.

"सारी उलटी बसवली ना व," ती हळूच म्हणाली. "ही अंदरची बाजू हाय. आपुन अंदर हाओ. साऱ्याईच्या घरात."

"मग खोल्यांत काय आहे?"

"बाहेर."

मला हसू यायला हवं होतं. मॅनेजर मात्र खुश झाला. "बरोबर ओळखलं आजींनी! डिझायनरनं मुद्दाम तसं केलं. आतल्या बाजूला कॅरेक्टर जास्त असतं."

नवव्या दाराशी तिचा हात वर गेला. फळीच्या फटीत नख घालून तिनं काळाकुट्ट झालेला कापसाचा पुंजका ओढून काढला. "दर साली पयलं बोंड आमी इथंच खोचो," ती म्हणाली. तिचं घर पडलं तेव्हा कुणीतरी येऊन आढ्याची लाकडं आणि दार घेऊन गेलं होतं, एवढं मला माहीत होतं.

"मी नाई बोलत इथं. चाल."

"मावशी, तुम्ही बोलला नाहीत तर केंद्र उघडणार नाही."

"माह्याच दारात मले पावनी करून आनलं तू."

 ती वळली, आणि तेवढ्यात त्या दारावर पलीकडून थाप पडली. तीनदा, सावकाश.

"कोन हाय?" मावशीनं विचारलं, घरी विचारावं तसं.

उत्तर आलं नाही. पथकातले मराठी जाणणारे एक साहेब आत विश्रांती घेत आहेत, असं मॅनेजर कुजबुजला. पण ती त्याच्याकडे पाहत नव्हती. थाप ओळखीची असावी तसा तिचा चेहरा झाला होता.

"कोन हाय बाहेर?" तिनं पुन्हा विचारलं, वाट पाहिली, आणि कडी धरून दार आपल्याकडे ओढलं.

दारात साहेब उभे होते, डोळ्यांत झोप.

"वाकून या," मावशी म्हणाली. "चौकट ठेंगनी हाय."

ते वाकून बोळीत आले. तिनं त्यांना तिथंच फरशीवर बसवलं, पुढ्यात बसली आणि तासभर बोलली. साहेब लिहीत राहिले. शेवटी त्यांनी राहण्याचं ठिकाण विचारलं, तेव्हा तिनं हातानं दार दाखवलं. त्यांनी मान खाली घालून लिहिलं: खोली नऊ.

संध्याकाळी गाडीत बसताना त्यांनी मला विचारलं, "दुपारी तुम्ही इतक्या जोरात दार का वाजवत होता? मी गाढ झोपलो होतो."

आमच्या बाजूनं कुणीच वाजवलं नव्हतं, असं मी सांगितलं. ते हसले. मग हसायचे थांबले.

केंद्र पुढच्या हंगामात उघडलं. तिचं दार अजून तिथंच आहे, उलटं.

म्हणून एक मागते. अशा कुठल्या हॉटेलात उतरलात, तर अडसराच्या कड्या कुठल्या बाजूला आहेत ते पाहा. बोळीकडे असतील, तर काउंटरवर जाऊन दाराच्या गावाचं नाव विचारा आणि ते दारावर लिहायला लावा. टाळाटाळ केली तरी हटू नका. आणि बंद खोलीतून थाप आली, तर तसेच पुढे जाऊ नका. कोण आहे, विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा.