चिराईतातला बिनपरवाना भाडेकरू

दवाबागेतले किस्से सांगायला बसलं की चहा गार होतो. एक संपत नाही तोवर दुसरा आठवतो. निजामाच्या काळात चुडावा स्टेशनापासून जवळच सरकारी दवाखान्याची औषधी झाडांची बाग होती. मी तिथं कंपाउंडर. बागेचे प्रमुख हकीमसाहेब. तसे तेही नोकरच, पण चालत मालकासारखे.

*

आमची मुख्य पैदास काडेचिराईत. तापावरचं औषध, आणि जेवढं कडू तेवढं अव्वल. आता कडूपणा मोजायचा कसा? हकीमसाहेब आमाला ओळीत उभं करून एकेक पान चावायला लावायचे आणि तोंडं बघत फिरायचे. ज्या वाफ्यापाशी तोंडं जास्त वाकडी, तो वाफा पास! आमच्या किशनराव कारकुनाचं तोंड जन्मतःच तसलं. त्यामुळं सगळेच वाफे पास व्हायला लागले. शेवटी त्याला चाखायची मनाई झाली.

*

एकदा हैदराबादहून एक तरुण प्रोफेसर मायक्रोस्कोप घेऊन आले. चिराईताच्या मुळाची चकती काचेखाली ठेवून म्हणाले, "बघा, आत बुरशी राहते. हा रोग नाही. माझा अंदाज आहे, हिच्यामुळंच झाड जोमात वाढतं आणि कडूपणा येतो."

हकीमसाहेबांनी डोळा लावला. आत बारीक बारीक धागे. त्यांना फक्त 'आत बुरशी राहते' एवढंच ऐकू गेलं.

"सरकारी झाडात बिनपरवाना कोण राहायलंय?"

दुसऱ्या दिवशी वाफ्यावाफ्यावर दवंडी फिरली, बुरशीनं आजच्या आज जागा खाली करावी. आमी गंभीर तोंडं करून उभे. हसलं की नोकरी जायची.

*

बुरशी काही हलली नाही. मग बेदखली सुरू झाली. बी गरम पाण्यातून काढलं, माती देगीत, म्हणजे मोठ्या हंड्यात, भाजली. एका वाफ्याची माती भाजायची राहिली तेव्हा देगच तडकली, म्हणून तेवढा वाफा बुरशीसकट वाचला.

स्वच्छ वाफ्यांत रोपं आली ती मरतुकडी. कडूपणाचं तर विचारूच नका. चिराईताला कधी तोंड न लावणारी शेजारची शेळी कुंपणातून घुसली, अर्धी ओळ फस्त केली आणि हाकललं तरी जाईना.

 आणि त्यातच नाजिमसाहेब, म्हणजे खात्याचे सगळ्यात वरचे साहेब, तपासणीला निघाले होते. चिराईत फिकं निघालं तर बाग बंद आणि आमी सगळे घरी. मला तर लय भ्या वाटलं. घरात कमावणारा मी एकटा.

*

नाजिमसाहेब आले. शेळीनं सोडलेल्या ओळीतलं पान तोडून तोंडात टाकलं. चावलं. चेहरा हलेना.

हकीमसाहेबांनी आमाला इशारा केला. आमी झटकन पानं तोंडात कोंबली आणि तोंडं अशी काही वाकडी केली की काय सांगू! एक माळी तर थुंकत थुंकत विहिरीकडं पळाला.

नाजिमसाहेब थबकले. अजून एक पान खाल्लं, मग अजून एक. आमच्याकडं बघितलं. मग हकीमसाहेबांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "कुणाला बोलू नका, पण माझ्या जिभेला चवच कळंना झालीय."

हकीमसाहेबांनी नाडी बघितली. लय वेळ बघितली. मग मला त्या वाचलेल्या वाफ्यातल्या चिराईताचा काढा आणायला पाठवलं. एक घोट पोटात गेला आणि नाजिमसाहेबांचे डोळेच पांढरे झाले. ठसका थांबेना. तोंडावर पाणी मारावं लागलं.

"आली! चव आली!"

बाग तिथंच कायम झाली. नाजिमसाहेबांनी हात जोडून विचारलं, पुढं काय काळजी घ्यायची?

"पथ्य-परहेज एकच," हकीमसाहेब म्हणाले. "बाकीच्या वाफ्यांतलं पान पुन्हा तोंडात घालायचं न्हाई."

नाजिमसाहेबांनी ते जन्मभर पाळलं.