गेटवर राहिलेली हातोडी

आमच्या घरी तबल्याची हातोडी तबल्याच्या बॅगेत ठेवायची नाही. एकदा बॅगेतल्या बॅगेत तिनं तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडंच, फाडलं, तेव्हापासून तिचा मुक्काम ह्यांच्या पँटच्या खिशात. हे आमच्या बोनकोड्यात जयंतीच्या मांडवांतून तबला वाजवायचे. मुंबईतल्या त्या जुन्या हॉलच्या स्टेजवर एकदा तरी बसायचं, असं फार मनात होतं. पण तळोज्याच्या कंपनीत शिफ्ट करता करता ते राहूनच गेलं. मुलगी ह्यांच्याकडेच शिकली. आता मात्र ह्यांनी तबल्याला हात लावला की म्हणायची, "राहू द्या बाबा, मला येतं."

आणि त्याच हॉलमध्ये तिला साथीला बोलावणं आलं. गायिका मोठ्या, कडक. वाजवणं पसंत पडलं तर पुढेही बोलावतील, नाहीतर विषय संपला. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तिनं घरीच, पंख्याखाली, तबला सुरात लावून घेतला.

टॅक्सीतून हॉलच्या मागच्या दाराशी उतरताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आत नका येऊ हं. आईबरोबर समोरून या." ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मला अस्सा राग आला! पण दिवस तिचा होता, गिळला.

समोरच्या संगमरवरी पायऱ्या चढलो. लाकडी बाल्कन्या बघत मी पुढे गेले, हे मागून आले. बसलो. एसी असा की मी पदर घट्ट लपेटून घेतला. तिसरी घंटा झाली आणि हे एकदम म्हणाले, "अगं, हातोडी गेटवर राहिली."

"काय?"

"तपासणीचं मशीन वाजलं, वॉचमननं काढून घेतली. मला वाटलं, तबला लावलेलाच आहे. पण ह्या गारठ्यात कातडं आवळणार, तबल्याचा सूर चढणार."

"मग उठा की! बसलाय काय?"

हे धावले. त्यांच्या मागे दार बंद झालं आणि पडदा उघडला.

गाणाऱ्या बाईंनी सूर धरला. मुलीनं तबल्यावर बोट मारलं. इतकी वर्षं तबल्याच्या घरात काढलीत, मलासुद्धा कळलं की चढलाय. तिनं उजवीकडे चाचपलं, डावीकडे, पाठीमागे. बाईंनी थांबून तिच्याकडे बघितलं. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. मेल्याचं तोंडच फोडावंसं वाटलं! पोरगी अंधारात आम्हाला शोधत होती आणि शेजारची खुर्ची रिकामी.

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. हे धापा टाकत मधल्या वाटेनं आले, मुठीत हातोडी. स्टेजच्या कडेला चपला काढल्या, स्टेजला हात लावून तो कपाळाला नेला, वर चढले आणि हातोडी पुढे केली.

तिनं हातोडी घेतलीच नाही. तबला त्यांच्याकडे सरकवला. "बाबा, तुम्हीच लावून द्या." माइक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.

ह्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. हे मांडी घालून बसले, कान खाली नेला, गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या कातडी वेणीवर, खालून हळूहळू ठोकत गेले. मग त्यांनी एक थाप मारली, आणि बाईंच्या तोंडून आपसूक "वा!" निघून गेलं.

हे परत येऊन बसले. गाणं सुरू झालं, पोरगी नीट वाजवायला लागली. ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अहो, लोक बघतायत," मी म्हटलं, आणि माझंही तेच चाललं होतं.

"बघू दे," हे म्हणाले. "एक तरी थाप वाजली गं माझी इथं."