गाईच्या घशातला हात

कुत्रं उसातून आलं. भर दुपारी दावणीला बांधलेल्या गाईच्या थेट तोंडावर झेपावलं आणि नाकपुडीला लटकलं. गाईनं मान झटकली, ते भिंतीवर आपटलं, उठलं आणि पुन्हा आलं. वस्तीवरच्या गड्यांनी त्याला गोठ्याच्या कोपऱ्यात कोंडून काठ्यांनी आणि पहारीनं मारलं. ते मेल्यावरही मारणं थांबलं नव्हतं. शेवटी तंगडीला धरून फरफटत नेलं आणि नदीच्या काठाला टाकून दिलं.

गाईच्या नाकावर हळद दाबली. जखम लहान होती आणि गाय गाभण होती. गाभण जनावराला सुई टोचायची नाही, असं घरात ठरलं. कुत्रं मेलं म्हणजे त्याच्याबरोबर त्याचा रोगही मेला, असा सगळ्यांचा समज होता.

आमची वस्ती दौंड तालुक्यात, भीमेच्या काठावर. समोरचा काठ शिरूर तालुक्याचा. गाय माझ्या धाकट्या चुलत्यांची होती. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. जनावराच्या घशात काही अडकलं की दोन्ही काठांवरून आप्पांना बोलावणं यायचं. उसाच्या वाढ्याची, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याची गाठ, आंब्याची कोय, एकदा प्लास्टिकच्या दोरीचा गुंता. जबडा एका हातानं फाकायचा, जीभ बाजूला ओढून धरायची आणि दुसरा हात कोपरापर्यंत आत घालायचा. डॉक्टर येईपर्यंत जनावर गुदमरून मरतं, म्हणून लोक आधी आप्पांकडे पळत. त्या कामाचे ते कधी काही घेत नसत.

दीडेक महिन्यानं गाय व्यायली. चुलतीनं गूळ-वेलदोडा घालून चिकाचा खरवस वाफवला आणि ताटल्या घरोघर पोचवल्या. पहिला चीक एकट्या घरानं खायचा नाही, ही वस्तीची रीत. सगळ्यांनी खाल्ला. पोरांनी ताटल्या चाटल्या.

त्याच आठवड्यात गाईनं वैरण सोडली. पाण्याजवळ तोंड न्यायची, पण घोट आत जायचा नाही. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. हंबरणं बदललं होतं, घोगरं आणि फाटकं. मागचे पाय लटपटत होते.

"वाढं अडाकलंय," आप्पा म्हणाले. बाही वर सारली आणि हात घातला. गाईनं दाढा आवळल्या, ते शिवी हासडून आणखी आत गेले. बराच वेळ चाचपलं. हात बाहेर काढला तेव्हा तो कोपरापर्यंत फेसानं माखला होता.

"काय न्हाई आत. खाली सरकलं आसंल."

त्या आठवड्यात ते स्वतः ऊस तोडत होते. पाचटाच्या कडा पात्यासारख्या असतात. दोन्ही हातांवर ओरखडेच ओरखडे होते. त्यांनी हात हौदात बुचकळला आणि धोतराला पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाय उसळली. समोर दिसेल त्यावर धावू लागली. दाव्याला हिसके देऊन देऊन मानेची कातडी सोलली. सिमेंटच्या गव्हाणीवर तिनं डोकं आपटायला सुरुवात केली. एक शिंग मुळातून मोडलं आणि रक्त डोळ्यावरून वाहू लागलं, तरी ती आपटतच होती. वासरू आधीच बाजूला नेलं होतं. ते ओरडलं की ती त्या दिशेनं झेप घ्यायची आणि दाव्यानं मागे फेकली जायची.

जनावरांचे डॉक्टर आले. ते गोठ्याच्या दाराशीच थांबले. थोडा वेळ नुसतं पाहिलं आणि वळून विचारलं, "तोंडात हात कुणी घातला?"

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. हा पिसाळण्याचा रोग आहे. तो कुत्र्याच्या लाळेतून गाईत आला आणि आता गाईच्या लाळेत आहे. लाळ फुटलेल्या कातडीला लागली तरी चाव्याइतकीच घातक. जनावराला घोट गिळता येत नाही म्हणून फेस येतो, आणि माणसाला वाटतं घशात काही अडकलंय. हात साबणानं, वाहत्या पाण्याखाली, चांगला वेळ लावून धुवायचा आणि आजच दौंडला जायचं. दंडात लस आणि ओरखड्यांत सीरम. लक्षणं सुरू झाल्यावर कुठलंच औषध लागू पडत नाही.

"आन् खरवस?" मागून एका बाईनं विचारलं.

"वाफवलेला होता ना? मग भीती नाही. उकळलेल्या दुधातून होत नाही. कच्चं कुणी प्यायलं असेल तर मात्र सांगा."

कच्चं कुणी प्यायलं नव्हतं. पण 'भीती नाही' हे शब्द अंगणापर्यंत पोचलेच नाहीत. पोचला तो फक्त रोग.

विहिरीपलीकडची शेजारीण नातवाला काखेत मारून आली आणि चुलतीच्या थोबाडीत भडकावली. "लेकराला ईख चारलं हिनं! ताटली भरून चारलं!"

"अगं डॉक्टर काय सांगत्यात त्ये तरी आयक," चुलती म्हणाली. तिच्या ओठातून रक्त येत होतं.

"डॉक्टरनं खाल्ला का खरवस?"

आप्पा घरात गेले, फ्रिजमध्ये उरलेला खरवस घेऊन आले आणि अंगणाच्या मधोमध उभं राहून सगळा खाल्ला. ताटली पालथी करून दाखवली. "बगा. काय हाय त्यात?"

"म्हातारा मरायलाच टेकलाय, त्याला काय!" कुणी तरी ओरडलं. एक दगड पत्र्यावर येऊन पडला.

मग माणसं टेम्पोत भरून आरोग्य केंद्रावर गेली. तिथल्या नर्सबाईंनी तेच सांगितलं: शिजवलेल्याला लस लागत नाही. त्यावर टेबल उलटलं. खिडकीची काच फुटली. बाईंच्या हाताला धरून ओढलं. पोलीस येईपर्यंत फ्रिजमधली लस बाहेर आली होती आणि मागेल त्याच्या दंडात गेली होती. संध्याकाळपर्यंत केंद्रात एकही कुपी राहिली नाही. ज्यांना गरज नव्हती ते सगळे टोचून घेऊन आले. गरज एकाच माणसाला होती आणि तो वासराला मांडीशी घेऊन ओसरीवर बसला होता.

"आप्पा, दौंडला चला," मी म्हणालो.

"मला कुठं चावली ती?"

"ओरखड्यातून जातं."

"मी सुई घेतली, म्हंजी खरवसात व्हतं. आसंच म्हणतील. जलमभर म्हणतील. मी न्हाई घेणार."

अडचण ही होती. ते घाबरले नव्हते आणि रोग त्यांना कळला नव्हता असंही नाही. ते बायकोच्या बाजूनं साक्ष देत होते आणि त्या साक्षीत त्यांचा जीव जाणार होता.

मी वार्ताहर; या रोगाचं एक मरण मी बातमीसाठी पाहिलं होतं. ऊसतोडीला आलेला तरुण मजूर, पिंडरीला कुत्रं चावलेलं, वर चुना लावलेला. महिन्यांनी ताप आला, चाव्याच्या जागी मुंग्या आल्या. मग पाणी. भांडं तोंडाजवळ नेलं की गळ्याचे स्नायू आवळायचे आणि अख्खं शरीर कमानीसारखं उलटं वाकायचं. पंख्याचा वारा लागला तरी तेच. त्याला खाटेला बांधलं होतं. मधेच तो पूर्ण शुद्धीवर यायचा, बायकोला ओळखायचा आणि पाणी मागायचा. ती पाणी आणायची आणि पुन्हा सुरू. मी हे सगळं आप्पांना सांगितलं, काही न गाळता. ते वासराच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

चुलती उठली. तिनं ओठ पदरानं पुसला आणि विहिरीपलीकडे गेली, तीच शेजारीण आणि तिचे दोन मुलगे घेऊन आली. काय बोलली ते कुणी ऐकलं नाही. शेजारीण आप्पांसमोर उभी राहिली.

"आप्पा, उठा. माझ्या म्हशीच्या घशातली कोय तुमीच काढली व्हती. उठा म्हणते."

"तू आमच्या बायकोला हाणलंस."

"हाणलं. परत आल्यावर तुमी मला हाणा. आदी उठा."

"न्हाई उठत."

तिनं मुलांना खूण केली. त्यांनी दोन्हीकडून धरलं. आप्पांनी एकाच्या पोटात लाथ घातली, दुसऱ्याच्या मनगटाला कडकडून चावले. तो किंचाळला, "आयला, ह्यो बी चावला!" आणि हसू आवरत नसतानाही त्यानं पकड सोडली नाही. मी पाय धरले. आप्पांच्या गुडघ्यानं माझ्या नाकातून रक्त काढलं. शेवटी दाव्यानं हात पाठीशी बांधून त्यांना पिकअपमध्ये टाकलं. मागे गोठ्यात गाय आपटतच होती. पिकअप वळली तसा तो आवाज बंद झाला.

त्याआधी चुलतीनं तो हात नळाखाली धरून साबणानं घासला होता, आप्पा शिव्या घालत होते तरी. जुने ओरखडे पुन्हा उघडे पडेपर्यंत तो घासला गेला. पुढे डॉक्टर म्हणाले, इतकं घासायचं नसतं. पण धुतलं ते बरं केलं.

दौंडच्या दवाखान्यात सीरम होतं. डॉक्टरांनी दिव्याखाली हात धरला तेव्हा ओरखडे किती होते ते दिसलं. बोटांच्या बेचक्यांतही होते. प्रत्येकाच्या कडेला सुई घालून औषध आत भरायचं असतं. बेचकीत मांसच नसतं, कातडी फुगून पांढरी पडते. आप्पा ओरडले. जबडे फाकवून हात घालणारा हा माणूस असा ओरडलेला कुणी ऐकला नव्हता. शेजारणीच्या मुलांनीच त्यांना दाबून धरलं. चावलेल्या मुलानं आपलं मनगट पुढे केलं. डॉक्टर म्हणाले, "ते आजारी नाहीत. तुम्हाला काही होणार नाही. साबणानं धुवा आणि घरी जा."

आम्ही परत आलो तेव्हा गाय मेली होती. जेसीबीनं खोल खड्डा घेऊन, चुना टाकून ती पुरली. गव्हाण फोडून टाकली. लसीच्या पुढच्या फेऱ्यांना आप्पा स्वतः गेले, दौंडच्या रेल्वे कॉलनीजवळच्या स्टँडवर उतरून चालत. वस्तीवर खरवसाचं बोलणं झालंच, काही घरांत ते अजून निघतं. शेजारीण मार खायला आली नाही, आणि आप्पांनी तिला बोलावलंही नाही.

हा रोग महिनोन्महिने अंगात गप्प राहू शकतो. लस आणि सीरम वेळेत मिळालं तर तो होत नाही, हे डॉक्टरांनी चुलतीला समजावून सांगितलं होतं. तिनं मान डोलावली होती. पण आप्पांना पाणी दिलं की ती तिथून हलायची नाही. समोर उभी राहून गळ्याकडे बघायची. एकदा त्यांनी तांब्या भिंतीवर फेकला. पोपडा उडाला, तांब्याला पोचा पडला. ती तांब्या उचलून आत गेली, पुन्हा भरून आली.

"घ्या."

"किती वर्सं बगणार हायेस?"

"घ्या म्हणते ना."

त्यांनी तोंडाला लावला आणि घटाघटा संपवला.

"गिळलं. आता जा."

ती तांब्या घेऊन गेली. पोचा पडलेला तो तांब्या अजून वापरात आहे, आणि तो रिकामा होईपर्यंत ती अजून उभी असते.