पाडण्याआधीचा नमस्कार

सत्तरच्या दशकात आमच्या बेटावरच्या क्वात्र बॉर्न गावात, बाजारामागच्या हॉलमध्ये संध्याकाळी ज्युडोचा वर्ग भरायचा. आमचे गुरुजी क्रेओल, म्हणजे बेटावरच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांपैकी होते आणि दिवसा बस चालवायचे. त्यांचं एकच सांगणं असे: ज्याला पाडायचं, त्याच्यापुढे आधी वाका. मला ते ऐकूनच चीड आली. ज्याला आपटायचं, त्याला कसला नमस्कार?

पहिल्या दिवशी खिडकीतून जळक्या उसाचा वास येत होता. चटईवर पिवळं ऊन पसरलं होतं आणि सगळं पाण्याखाली असल्यासारखं संथ वाटत होतं. गुरुजी समोर आले, आणि देवळातल्या मराठीच्या वर्गात शिक्षकांच्या पाया पडायची सवय, म्हणून मी सरळ त्यांच्या पायांना हात लावला. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

गुरुजी हसले नाहीत. ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी माझ्यासमोर चटईला कपाळ टेकवलं. उन्हाने रापलेली त्यांची मान मी बघत राहिले. जन्मभर मी मोठ्यांपुढे वाकत आले होते. माझ्यापुढे कधी कुणी वाकलं नव्हतं.

मग ते उठले आणि त्यांनी मला इतकं अलगद पाडलं, की रागवायचं राहूनच गेलं.